पाटीवर सुहास्य, तोंडात रुसका

आमच्या शहराला 'बावन्न दरवाज्यांचं शहर' म्हणतात. कोण म्हणतात? भाषण करणारे म्हणतात, सहली काढणारे म्हणतात, आणि एकदा मी म्हणालो होतो. वाळूजला आमच्या कंपनीत बाहेरच्या राज्यातला एक पाहुणा आला होता. त्याच्यावर छाप पाडायची म्हणून मी हे नाव वापरलं. पाहुणा सरळमार्गी निघाला. म्हणाला, मग बघू या सगळे. सुट्टीच्या दिवशी त्याला गाडीत घालून निघालो. भडकल गेट दाखवलं, दिल्ली गेट दाखवलं, मकाई गेट, पैठण गेट झालं. एक दरवाजा जाताना आणि येताना असा दोन्ही बाजूंनी दाखवून दोनदा खपवला. तेवढ्यात माझा साठा संपला. पाहुण्यानं विचारलं, "बाकीचे?"

मी म्हणालो, "आज रविवार आहे. बंद असतात."

त्यानं मान डोलावली. दरवाजा बंद असणं ही काही अशक्य गोष्ट नव्हे, असं त्यालाही वाटलं असावं.

तेव्हापासून मी मोठ्या नावांच्या नादी लागत नाही. ती पाहुण्यांसाठी ठेवलेल्या भांड्यांसारखी असतात, रोजच्या जेवणाला आपण वेगळंच ताट घेतो. माझं मूळ गाव खुलताबादच्या पलीकडं, घाटाच्या वरच्या अंगाला. आमच्या गावात या शहराला नावच नव्हतं. "कुठं निघाला?" "खाली." लग्नाचा बस्ता खाली, दाढेचा डॉक्टर खाली, कोर्टाची तारीख खाली. खाली कुठं, असं कुणी विचारायचं नाही. आता आमच्या घरातून बसनं प्रवास होतो तेव्हा बायको कंडक्टरला "संभाजीनगर" म्हणते, कारण तिच्या माहेरी पहिल्यापासून तेच म्हणतात. शेजारी बसलेली माझी आई "औरंगाबाद" म्हणते, कारण तिला तोंडाची सवय मोडायचा कंटाळा येतो. पाटीवर पुढं छत्रपती लावून पूर्ण नाव आहेच. कंडक्टर कुणालाच काही न बोलता तिकिटं फाडतो आणि आम्ही सगळे एकाच स्टँडवर उतरतो. गावाकडून आईला फोन येतो, "पोचल्या का खाली?" आणि आई म्हणते, "पोचले."

शहराचं हे असं, तर हॉटेलांचं काय विचारता. इथलं जे हॉटेल पाटीवरच्या नावानं ओळखलं जातं ते अजून चालायचं आहे असं समजावं. चालायला लागलं की लोक त्याला आपलं नाव देतात. चार पायऱ्या उतरून जावं लागतं म्हणून एकाला 'खड्डा' म्हणतात. दुसऱ्याकडं पूर्वी एकच पंखा होता आणि सगळी गिऱ्हाइकं त्याच्याखाली गर्दी करायची. आता तिथं एसी आला, पण ते अजून 'पंखा'च. एका चहावाल्याकडं बसायला काही नव्हतं, म्हणून तो 'उभा'. पुढं त्यानं बाकडी टाकली. तेव्हापासून आम्ही एकमेकांना म्हणतो, "चल, उभ्याकडं बसू."

या नावांचा एक कायदा आहे. टोपणनाव सगळ्या गावाच्या तोंडात असतं, पण ज्याचं असतं त्याच्यासमोर ते उच्चारायचं नाही. हा कायदा मला चांगला माहीत होता. लोकांना मी तो समजावूनही सांगत असे. त्यामुळं तो मोडायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

झालं असं. माझ्या मुलीनं आपल्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. मुलगा आम्हालाही आवडला. नम्र, हसतमुख, माझ्या विनोदांना हसणारा. हे शेवटचं लक्षण आमच्या घरात इतकं दुर्मिळ आहे की मी त्याच दिवशी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. त्याच्या वडलांचं हॉटेल होतं. नाव विचारलं तर तो म्हणाला, "सुहास्य भोजनालय." कुठं आहे विचारलं तर त्यानं रस्त्याचं नावही पाटीवरचं सांगितलं. कधीकाळी समारंभ करून दिलेलं, उद्घाटनाच्या दिवसानंतर कुणी न उच्चारलेलं. मी "हां हां, तो रस्ता होय" असं म्हणालो. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण जन्म इथं काढून रस्ता माहीत नाही, हे जावयाला कसं सांगणार?

त्याचे आईवडील आमच्याकडं यायचं ठरलं. सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून झाडलोट सुरू होती. मुलीनं मला बाजूला घेतलं.

"पप्पा, एक ऐकाल?"

"बोल की."

"कमी बोला."

"म्हणजे किती?"

"तुम्हाला कमी वाटेल त्याच्या निम्मं. आणि नकला नाय करायच्या. त्याचे पप्पा जरा मनाला लावून घेणारे आहेत, तो म्हणत होता. त्यांच्या मनात आलं तरच हे पुढं जाणार आहे, पप्पा. तो त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाय, आणि मी त्याला जा म्हणणार नाय."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. त्या क्षणी तो खराच होता.

संध्याकाळी मुलगा आणि त्याची आई आली. वडील हॉटेलातून परस्पर येणार होते. मुलाच्या आईनं बसता बसता घर कसं हवेशीर आहे ते सांगितलं, बायकोनं पाणी दिलं, मुलगी आत पोहे करायला गेली आणि मुलगाही तिला मदत करतो म्हणून तिच्यामागं गेला. खोलीत एकदम शांतता पसरली. शांतता पसरली की मला जबाबदारी वाटायला लागते.

"मग ताई," मी म्हणालो, "हॉटेल बरं चालतंय ना?"

"चालतंय देवाच्या दयेनं. माणसं येतात, जेवतात."

"येणारच. खाणारे लई आपल्या शहरात. पण एक सांगू का? चांगलं खाऊ घालणं वेगळं आणि हसून खाऊ घालणं वेगळं. आता तुमचं नावच सुहास्य. नायतर आमचा रुसका बघा."

"कोण?" ताईंनी विचारलं.

इथं बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे. पण ताईंनी प्रश्न विचारला होता, आणि पाहुण्यांना उत्तर न देणं बरं दिसत नाही.

"रुसका हो! गुलमंडीच्या मागं. कंपनी सुटल्यावर आम्ही सगळे जातो. पाटवडी-रस्सा खावा तर त्याचा, देवाशपथ. बाजरीची भाकरी अशी की वरणभात विसरावा. पण गल्ल्यावर मालक बसलेला असतो ना, त्याचं तोंड! सासरी मानपान चुकला म्हणून लग्नमंडपातून उठून आलाय आणि सरळ गल्ल्यावर येऊन बसलाय, असं. तुम्ही म्हणा, रस्सा झकास झालाय. तो असा बघणार."

आणि मी तसं बघितलं. खालचा ओठ खाली सोडला, भुवया एकमेकींना चिकटवल्या, गाल लोंबवले. ही नकल मी ऑफिसात बऱ्याचदा केलेली आहे, ती माझी गाजलेली आहे.

ताईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रंगतेय.

"अजून काय करतो तो?" त्यांनी विचारलं.

"कांदा जादा मागितला की! अहो, कांदा देतो, नाय म्हणत नाय, पण बशी अशी ठेवतो की आपणच त्याची माफी मागावी. लोक काय म्हणतात माहितीय? जुन्या गावातले म्हणतात रूठेला, आम्ही म्हणतो रुसका. पाटीवर काय नाव आहे ते कुणी वाचलेलंच नाय. पाटीवर समोरच्या चिंचेची फांदी आलीय. अन् गंमत म्हणजे त्या पठ्ठ्यानं गल्ल्याच्या वर स्वतःचाच फोटो लावून त्याला हार घातलाय! जिवंतपणी!"

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. तो माझ्याकडं बघून मान हलवत होता. मला ती दाद वाटली. म्हणून मी पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, ओठ सोडला, भुवया चिकटवल्या, गाल लोंबवले.

तेवढ्यात दार वाजलं आणि बायकोनं उघडलं.

दारात रुसका उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून पाटवडीच्या रश्श्याचा वास. आणि तेच तोंड. इकडं सोफ्यावर मी, आणि माझंही तेच तोंड, कारण भीतीनं ते मला आवरता येईना. एका खोलीत दोन टोकांना एकच चेहरा दोन माणसांनी घातलेला होता. पाटीवरचं सुहास्य आणि फांदीमागचं नाव, दोन्ही माझ्या डोक्यात एकदम जुळलं, पण तेव्हा त्याचा उपयोग काय!

त्या वाकड्या तोंडात रोजचं गिऱ्हाईक त्याला ओळखू आलं नसावं. त्यानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "दाढ दुखते व्हय?"

मी गालावर हात ठेवला. "हो," म्हणालो. "लई."

पुढचा सगळा कार्यक्रम मी दाढदुखीत काढला. पोहे खाता आले नाहीत. त्यांनी आणलेली पाटवडी सगळ्यांनी माझ्यासमोर मिटक्या मारत खाल्ली. मला बायकोनं कोमट पाणी दिलं, त्यात मीठ जरा जास्तच घातलं. त्यांनी मला लवंग दाढेत धरायला सांगितली, ती मी धरली. बोलता येत नसल्यामुळं बैठक फार छान झाली. मुलगी माझ्याकडं कौतुकानं बघत होती. तिला आतून काही ऐकू गेलं नव्हतं, तिला वाटलं मी शब्द पाळतोय. ताई मधूनच पदर तोंडाला लावायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. त्या सांगणार नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. निघताना त्यांनी मुलीला कुंकू लावलं. त्यांचे यजमान म्हणाले, "पोरगी आवडली आम्हाला. घर साधं आहे, माणसं कमी बोलणारी आहेत. घरी जाऊन कळवतो." त्यांचा चेहरा काही हलला नाही, पण मला तो जवळजवळ हसरा वाटला.

आम्ही सगळे त्यांना सोडायला जिन्यात आलो. आता फक्त तीन मजले उतरले की पोरीचं लग्न ठरलं, असा माझा हिशोब होता.

आमच्या खालच्या मजल्यावर माझ्याच खात्यातला एक सहकारी राहतो. जुन्या गावातला माणूस, दिलदार, आवाज मोठा. रोज माझ्याबरोबर त्या हॉटेलात बसणारा. तो खालून जिना चढत होता. आम्ही त्याला दिसत नव्हतो, पण माझ्या चपलांचा आवाज त्यानं ओळखला असावा.

"अरे ओ भाई!" त्यानं खालूनच हाक मारली. "नीचे रूठेले की गाड़ी कायकू खड़ी है? रस्सा मंगाए क्या? हमारे वास्ते बी रखना हौ!"

जिन्यात सगळे थांबले. मुलगा भिंतीकडं बघायला लागला.

"रूठेले की गाड़ी?" मुलाचे वडील हळूच म्हणाले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "खाली तर माझी गाडी उभी आहे."

सहकारी वळणावर आला, त्यानं वर पाहिलं. "हम बाद में आते," असं म्हणून तो जितक्या जोरात चढला होता त्याच्या दुप्पट जोरात उतरला.

मुलाच्या वडलांनी आधी मुलाकडं पाहिलं. मग बायकोकडं. ताईंनी पदर तोंडावरून काढला होता आणि त्या आता हसत नव्हत्या. सगळ्यात शेवटी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा हात गालावरून कधी खाली आला होता, मला कळलं नव्हतं.

"दाढ बरी झाली वाटतं," ते म्हणाले, आणि उतरून गेले.

त्यानंतर निरोप आला नाही. मुलगा ऑफिसात मुलीला एवढंच म्हणाला, की पप्पा गप्प आहेत, त्यांना जरा वेळ दे. त्यांचं गप्प असणं इतर वेळेपेक्षा वेगळं कसं ओळखायचं, असा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता, पण तो मी गिळला. घरात मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. चहाचा कप माझ्यासमोर ठेवायची पद्धत तिची बदलली. आपणच माफी मागावी अशी ती कप ठेवायची. एकदा फक्त म्हणाली, "लोकांना नावं ठेवायची एवढी हौस, पप्पा? माझं ठरत होतं हो." तेवढं बोलून ती खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. इतका वेळ मला हे सगळं पुढं कधीतरी सांगायला चांगला किस्सा आहे असं वाटत होतं, हे कबूल करतो. ते तिथं संपलं.

बायको म्हणाली, "अहो, उठा आणि निस्तरा. आणि काही झालं तरी विनोद करू नका."

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी गेलो. इतकी वर्षं त्या दारातून आत गेलो होतो, पण पहिल्यांदाच मान वर करून, फांदी हातानं बाजूला करून, पाटी वाचली. सुहास्य भोजनालय. अक्षरं सुरेख काढलेली होती. कुणीतरी हौसेनं करून घेतली होती.

ते गल्ल्यावर होते. मला बघून "या" म्हणाले नाहीत आणि "जा"ही म्हणाले नाहीत. मी गल्ल्याजवळच्या टेबलावर बसलो.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"पाटवडी संपलीय," ते म्हणाले.

"खायला नाय आलो."

त्यांनी मग वरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं. "हा माझा फोटो आहे, असं तुम्ही सांगितलं म्हणं आमच्या घरच्यांना."

मी वर पाहिलं. तेच तोंड, तोच ओठ.

"बाप आहे माझा. हे हॉटेल त्यानं काढलं. रुसका ते त्याचं नाव होतं. लोक त्याला तोंडावर म्हणायचे, त्याला काही वाटायचं नाय. मला वाटायचं. शाळेत मला छोटा रुसका म्हणायचे. आमच्या सौभाग्यवतीच्या माहेरी तर सरळ म्हणाले होते, रुसक्याच्या घरात पोरगी कशाला देता, तिथं चुलसुद्धा तोंड वाकडं करून पेटत असंल. बाप गेला तेव्हा मी पहिली पाटी काढली आणि ही लावली. माझ्या पोराला कुणी तसं म्हणू नये म्हणून. मला वाटलं, ते नाव बापाबरोबर गेलं. आता कळलं, सगळ्या शहरात चालू आहे. बायकोला माहीत, पोराला माहीत, माझ्या वेटरांना माहीत. सुहास्य म्हणणारा मी एकटाच."

मी पुन्हा वर, त्या फोटोकडं पाहिलं.

तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला. घरपोच डबे नेणारा कुणी होता, त्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "अंकल, सुहास्य किधर है? मोबाइल इधरीच दिखा रहा. मैं रूठेले के सामने खड़ा हूँ, उसके आगे है के पीछे?"

दारातून दिसत होता. रस्त्याच्या पलीकडं गाडीवर पाय टेकून उभा, तोंड बरोबर आमच्याकडं.

फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "रोज असे फोन येतात. रूठेले के बाजू में क्या, रूठेले के सामने क्या. आणि मी रोज सांगतो, भाई, इधर कोई रूठेला नहीं. परत पाठवतो. बापाचं नाव घेतो म्हणून राग यायचा मला. पण मला वाटायचं, म्हातारी माणसं कुणीतरी यांना जुना पत्ता सांगतात." त्यांनी पलीकडं बोट केलं. "हे पोरगं माझ्या बापाच्या वेळी जन्मलं बी नसंल."

"हॅलो? अंकल?"

त्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "हौ... वोहीच है. जहाँ खड़े हैं ना, वोहीच. आ जाओ अंदर."

तो आला, डबा घेऊन गेला. "थँक्यू अंकल, ये बढ़िया पता दिए," असंही म्हणाला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं ते आम्हा सगळ्यांकडं पाहतात तसंच. तो जराही दचकला नाही. त्याला सवय असावी.

"मला एकच भीती होती," तो गेल्यावर ते म्हणाले. "पोरगी गुणी आहे. पण ज्या घरात सोयरिक करायची तिथं प्रत्येक सणाला माझी नकल होणार. मी वळलो की हशा होणार. म्हणून गप्प बसलो."

इथं मी बायकोचा सल्ला विसरलो. खोटं बोलून बघितलं होतं, त्यात माझी दाढ गेली होती. म्हणून म्हणालो, "नकल तर होणार. माझा स्वभावच वाईट आहे. पण पाठीमागं नाय करणार. ह्यापुढं करीन ती तुमच्या तोंडावर."

"लई वाईट करता तुम्ही," ते म्हणाले.

"माफ करा."

"तसं नाय. नकलच वाईट करता. मला खरंच दाढदुखी वाटली. गाल कशाला लोंबवता? गाल नाय हलत आमच्यात. सगळं ओठात आहे." आणि त्यांनी खालचा ओठ, आधीच पडलेला होता तो, अजून तिळभर सोडला. वरच्या फोटोतलं तोंड आणि खालचं तोंड, काडीचा फरक राहिला नाही. "हे असं. आता करा."

मी केलं.

"भुवया सोडा."

मी सोडल्या.

"हां. आता आलं जरा." मग त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली. माझ्या टेबलाला नेहमी वाढणारा वेटर बाहेर आला. "काय रे, ह्या साहेबांना तुम्ही काय म्हणता?"

वेटर माझ्याकडं बघायला लागला. "साहेबच म्हणतो की, शेठ."

"ते समोर. पाठीमागं काय म्हणता? सांग. आज सगळ्यांची पाटी निघायलीय."

"जाऊ द्या ना, शेठ."

"सांग!"

वेटरनं खांद्यावरचा फडका या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "भोंगा," तो म्हणाला.

"काय?"

"भोंगा. म्हंजी कंपनीचा. शिफ्ट सुटली की हे येतात अन् दारातूनच वाजायला लागतात ना. 'भोंगा झाला, ताटं लावा' म्हणतो आम्ही. लई आधीपासून हाय, साहेब. माझ्या आधीचा वेटर बी म्हणायचा. जाताना त्यानंच सांगितलं, कोपऱ्यातलं टेबल भोंग्याचं."

म्हणजे माझं नाव वेटरांच्या एका पिढीकडून दुसरीकडं पोचलेलं होतं आणि मी त्याच टेबलावर बसून दुसऱ्यांच्या टोपणनावांचा कायदा लोकांना समजावत होतो. मी त्या माणसाकडं पाहिलं. त्याचा ओठ तसाच होता, भुवया तशाच. पण पोटावरचा शर्ट हलत होता. हा माणूस हसतो ते पोटात हसतो, चेहऱ्यापर्यंत ते येतच नाही. एवढी वर्षं आम्ही चुकीच्या ठिकाणी बघत होतो.

"आता मलाच विचार करावा लागंल," ते म्हणाले. "पोराच्या सासऱ्याला लोक भोंगा म्हणतात. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाय."

मी हसलो नाही. हा विनोद आहे की नकार, ते त्या तोंडावरून कळायची सोय नव्हती, आणि पोट त्यांनी गल्ल्याच्या आड घेतलं होतं. मला घरातली मुलीची बंद खोली दिसत होती. "बघा," मी म्हणालो, "मला काय म्हणायचं ते म्हणा. पोरीला माझ्यामुळं नाय म्हणू नका. ती माझ्यासारखी नाय. ती कमी बोलते."

ते गल्ल्यामागून उठले. मी त्यांना कधी उभं पाहिलं नव्हतं, म्हणजे आमच्या दारातलं सोडून. ते आत गेले. परत आले ते हातात ताट घेऊन. पाटवडी, रस्सा, भाकरी. न मागता कांदा, बशीभर.

"संपली म्हणाला होतात," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकासाठी संपली होती." त्यांनी ताट माझ्यासमोर ठेवलं, अगदी त्यांच्या पद्धतीनं, टेबल दणकावून. "येत्या रविवारी सुपारी फोडू. तुमच्याकडंच. जेवा आता, इवाई."

आमच्याकडं मुलामुलीच्या बापांनी एकमेकांना म्हणायचं हे नाव. लग्नपत्रिकेत त्याला व्याही म्हणतात, पण तोंडात इवाई. मला त्याआधी कुणी ते म्हटलं नव्हतं. भाकरीचा तुकडा हातात धरून मी मुलीला फोन लावला. ती ऑफिसात होती. घरात बोलत नव्हती, पण फोन उचलला.

"काय?" ती म्हणाली.

"त्यांच्या हॉटेलात आलोय."

"तुम्ही पुन्हा काही बोललात का?"

"मी नाय. ते बोलले. मला इवाई म्हणाले."

पलीकडं मग खुर्ची जोरात मागं सरकल्याचा आवाज आला, आणि लांबवर, फोनपासून दूर पळत गेलेला तिचा आवाज कुणाला तरी हाका मारत होता. फोन तिथंच टेबलावर चालू राहिला होता. मी "हॅलो, हॅलो" करत बसलो तर गल्ल्यावरून माझे इवाई म्हणाले, "ठेवा आता. रस्सा गार व्हायलाय."